‘रामो’ला अडलेलं एम.ए. : नोकरीतल्या संस्कृत शिक्षिकेचा प्रकरण अभ्यास

मराठवाड्यात शाळेची नोकरी सांभाळून संस्कृतात एम.ए. करायला निघालेल्यांपुढे जे प्रश्न हमखास उभे राहतात, ते एका शिक्षिकेभोवती गुंफून हे प्रकरण मांडलं आहे. व्यक्ती आणि शाळा नमुन्यादाखल आहेत. नियम, सूत्रं आणि अडचणी मात्र जशाच्या तशा.

परिस्थिती

बाई ३९ वर्षांच्या. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नोकरीला १४ वर्षं झाली. बी.ए.ला मराठी मुख्य विषय, संस्कृत दुय्यम, त्यावर बी.एड. आठवी ते दहावीचं संस्कृत त्यांच्याकडे, जोडीला आठवीचं मराठी. संपूर्ण संस्कृत म्हणजे ८० लेखी आणि २० अंतर्गत अशी १०० गुणांची भाषा; संयुक्त म्हणजे हिंदीबरोबर वाटून घेतलेले ५० गुण. दोन्ही तुकड्यांचे निकाल वर्षानुवर्षं चांगले. ‘संस्कृत घ्या, पैकीच्या पैकी पडतात’ हे पालकांचं वाक्य या शाळेत खरं ठरलेलं.

एम.ए. करायचं कारण सरळ होतं. सेवेच्या २४ वर्षांनंतर मिळणाऱ्या निवडश्रेणीसाठी (वरच्या वेतनश्रेणीसाठी) सेवाकाळात अर्हता वाढवलेली लागते. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. आणि मनात कुठंतरी सेटही (महाविद्यालयात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा) होती. ‘१४ वर्षं तेच शिकवतेय, जड काय जाणार?’ असा घरातल्या सगळ्यांचा हिशेब. या प्रकरणातली पहिली चूक तीच. शाळेतलं संस्कृत उत्तरापाशी थांबतं, एम.ए.चं संस्कृत तिथून मागं चालत जातं. १४ वर्षांची सवय अशा ठिकाणी मदतीला येण्याआधी आडवी येते. अर्थात हे कळायला पहिला निकाल लागावा लागला.

वाट कोणती

नियमित एम.ए. करायचं तर छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आणि हजेरीची अट. बिनपगारी रजेशिवाय अशक्य. रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ (स्थापना १९९७) हे राज्यातलं संस्कृतचं स्वतंत्र विद्यापीठ, पण ते नागपूरच्याही पलीकडे. पारंपरिक पद्धतीची ‘आचार्य’ पदवी एम.ए.च्या बरोबरीची धरली जाते, मात्र तिथं ‘शास्त्री’ किंवा तशाच पायाची अपेक्षा असते आणि उत्तरंही संस्कृतातच लिहायची. मराठी मुख्य विषय घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं ही वाट धरली तर पहिलं वर्ष वाक्यरचना सावरण्यातच जातं. उरला दूरस्थ मार्ग. बाईंनी इग्नूचं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं) संस्कृत एम.ए. निवडलं.

दूरस्थ पदवी घेताना एक गोष्ट आधी पाहायची: त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला आणि त्याच सत्राला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची (डीईबी) मान्यता आहे का. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असं नसतं. मान्यता असेल तर पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. नसेल तर पाच वर्षांनी शिक्षणाधिकारी कार्यालयात फाईल परत येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी लागतो आणि त्यासाठी एबीसी (क्रेडिट जमा ठेवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’) खातं, म्हणजे शेवटी आधार. इथंच बाईंचे तीन आठवडे गेले. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि सेवापुस्तकात सासरचं नाव पण वडिलांचं आडनाव कंसात. लग्नाचा दाखला सगळीकडे चालत नाही. नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद एकदा करून घेतली की पुढं पदवी प्रमाणपत्र, सेट, पीएच.डी., सगळीकडे तीच लावता येते. एम.ए.चा विचार मनात आला त्याच आठवड्यात हे काम सुरू करावं. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरलेले असताना नाही.

परवानगीचं तसंच. बाईंनी मुख्याध्यापकांना तोंडी विचारलं, ‘करा की मॅडम’ असं उत्तर आलं, आणि प्रवेश घेतला. मुख्याध्यापक पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाले. नव्या सरांपुढं परीक्षेच्या रजेचा अर्ज गेला तेव्हा पहिला प्रश्न आला: ‘परवानगीचं पत्र?’ ते मागच्या तारखेनं कुणी देत नाही, आणि देऊही नये. योग्य क्रम असा: मुख्याध्यापकांमार्फत संस्थेच्या सचिवांना अर्ज, त्यात अभ्यासक्रमाचं नाव, पद्धत (दूरस्थ), कालावधी, परीक्षेचे संभाव्य महिने आणि ‘शालेय कामकाजात अडथळा येणार नाही’ हे वाक्य, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख, मग परवानगीपत्र, आणि त्यानंतरच प्रवेश शुल्क. बाईंना शेवटी ‘पुढील परीक्षांसाठी’ म्हणून पत्र मिळालं. पहिल्या वर्षाचा भाग मोकळाच राहिला, तो सेवापुस्तकातल्या नोंदीच्या वेळी पुन्हा निघणार.

तासांचा हिशेब

इग्नूच्या व्याख्येनुसार १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तास. वर्षाला ४० क्रेडिट धरली तर १,२०० तास, ५० आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला २४. शाळा साडेदहा ते पाच, जाऊन येऊन एसटीचा दीड तास, घरी सासूबाई आणि नववीतली मुलगी. २४ तास निघत नाहीत. तेच काम तीन वर्षांवर पसरलं तर आठवड्याला १६ येतात: सहा दिवस पहाटे सव्वा तास, रात्री अर्धा तास, रविवारी साडेपाच. दोन वर्षांचं एम.ए. पूर्ण करायला इग्नूत चार वर्षांपर्यंत मुदत असते, म्हणून तीन वर्षांची योजना नियमात बसते. बाईंनी मात्र ‘दोन वर्षांत उरकून टाकू’ म्हणून पहिल्या वर्षाचे सगळे पेपर जूनला लावले.

जून हा मराठवाड्यातल्या शिक्षकासाठी सगळ्यात वाईट महिना. स्वाध्याय जमा करायची मुदत मार्च-एप्रिलमध्ये येते, नेमके तेव्हाच दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले असतात. मे मध्ये लग्नं. उन्हाचा कहर, दुपारी वीज नाही आणि पत्र्याखाली पुस्तक उघडवत नाही. जूनमध्ये पेपर सुरू होतात आणि महिन्याच्या मध्यावर शाळा उघडते: प्रवेश, पुस्तकवाटप, वेळापत्रक. परीक्षा जून आणि डिसेंबर अशी दोनदा होते. व्याकरण आणि वेद डिसेंबरला, काव्य-नाटक-साहित्यशास्त्र जूनला अशी फोड केली असती तर दिवाळीच्या सुट्टीतली सलग बैठक जड विषयांना मिळाली असती. दुसऱ्या वर्षासाठी त्यांनी असंच ठरवलं आहे.

स्वाध्यायांना ३० टक्के वजन असतं, सत्रांत परीक्षेला ७०. उत्तरपत्रिका तपासता तपासता लिहिलेल्या स्वाध्यायांना पहिल्या वर्षी सरासरी ६६ गुण पडले. हे गुण घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून मिळवायचे असतात. तिथं ६६ म्हणजे घाई.

जिथं गाडी अडली

परीक्षेच्या पेपरांची सरासरी ४५. काव्यात ५८, व्याकरणात ३४. काव्यात अन्वय, भाषांतर, अलंकार ओळखणं हे रोजचंच काम, तिथं हात बसलेला होता. व्याकरणात काय झालं ते रूपसिद्धीच्या, म्हणजे तयार रूप पाणिनीच्या सूत्रांनी पायरी-पायरीनं साधून दाखवायच्या, एका प्रश्नावरून दिसतं. ‘रामः’ची रूपसिद्धी ससूत्र लिहा, ५ गुण. बाईंनी लिहिलं: ‘राम हा अकारान्त पुंलिंगी शब्द. प्रथमा एकवचनाचा प्रत्यय स्. पदान्ती स् चा विसर्ग होतो. म्हणून रामः.’

दहावीत याला पूर्ण गुण मिळाले असते. इथं पाचात जेमतेम एक. अपेक्षित साखळी अशी आहे (आकडे पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’तले: अध्याय, पाद, सूत्र). ‘राम’ला आधी प्रातिपदिक (विभक्तिप्रत्यय लागण्याआधीचा मूळ शब्द) ही संज्ञा मिळाली पाहिजे (१.२.४५, शब्द रम् धातूपासून साधलेला मानला तर १.२.४६). मग ४.१.२ नं ‘सु’ प्रत्यय. ‘सु’तला उ ‘उपदेशेऽजनुनासिक इत्’ (१.३.२) नं इत् (खुणेपुरता, पुढं गळणारा वर्ण) ठरतो, ‘तस्य लोपः’ (१.३.९) नं जातो. राम + स्. ‘सुप्तिङन्तं पदम्’ (१.४.१४) नं हे पद झालं. आता पदान्तीच्या स् ला ‘ससजुषो रुः’ (८.२.६६) नं रु. त्याचाही उ इत्, राहिला र्. पुढं काही नाही, म्हणजे अवसान, म्हणून ‘खरवसानयोर्विसर्जनीयः’ (८.३.१५) नं त्या र् चा विसर्ग. रामः.

बाईंच्या उत्तरात रु नाहीच. एका पायरीनं काय बिघडतं? बिघडतं ते ‘रामो गच्छति’ला. शाळेच्या फळ्यावर आपण लिहितो: विसर्गापूर्वी अ आणि पुढं मृदू व्यंजन आलं तर विसर्गाचा उ होतो, अ + उ = ओ. मुलांना उत्तर बरोबर येतं. पण पाणिनीच्या व्यवस्थेत विसर्गाचा उ कधीच होत नाही. पुढं कठोर व्यंजन किंवा विराम असेल तरच र् चा विसर्ग बनतो. पुढं ‘ग’ असताना विसर्ग जन्मालाच येत नाही. रु असतानाच ‘हशि च’ (६.१.११४) त्याचा उ करतो आणि ‘आद्गुणः’ (६.१.८७) अ + उ चा ओ. म्हणजे ज्याला आपण विसर्गसंधी म्हणून १४ वर्षं शिकवलं, तिथं विसर्ग नाही. हे कळल्यावर बाईंना आधी राग आला, मग मोकळं वाटलं. पाठांतराच्या तक्त्यातल्या आठ ओळी दोन सूत्रांत मावतात.

परीक्षक याच्या पुढचंही विचारतात. ‘पूर्वत्रासिद्धम्’ (८.२.१) मुळं आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादापासूनची सूत्रं आधीच्या सूत्रांच्या दृष्टीनं झालीच नाहीत असं धरायचं असतं. मग ८.२.६६ नं केलेला रु ६.१.११४ ला दिसतो कसा? उत्तर असं की इथंही असिद्ध धरलं तर ‘हशि च’ला काही कामच उरत नाही, सूत्र केलं आहे म्हणजे ते वाया जाऊ नये, म्हणून रु त्याला दिसतो असं मानायचं. जिथं हा नियम खराच चालतो ते उदाहरण ‘हर इह’. हरे + इह, ‘एचोऽयवायावः’ (६.१.७८) नं हरय् + इह, ‘लोपः शाकल्यस्य’ (८.३.१९) नं विकल्पानं य् गेला, हर इह. आता अ + इ समोरासमोर आहेत, शाळेच्या तक्त्याप्रमाणं ‘हरेह’ व्हायला पाहिजे. होत नाही, कारण ‘आद्गुणः’च्या नजरेत तो य् अजून तिथंच आहे. बाईंनी परीक्षेत ‘हरेह’ लिहिलं होतं.

दुरुस्ती

व्याकरणाच्या पेपरात पासचे ४० झाले नव्हते, त्याचा दुसरा प्रयत्न डिसेंबरला. सहा महिन्यांत पद्धत बदलली ती अशी.

पहिला आठवडा फक्त १४ माहेश्वर सूत्रं (पाणिनीनं वापरलेली वर्णमालेची मांडणी), मोठ्यानं, उलट-सुलट. त्यांतून प्रत्याहार, म्हणजे वर्णगटांची दोन अक्षरी नावं, काढायचे. इथं शाळेचं ज्ञान पहिल्यांदा कामाला आलं: मृदू व्यंजनांची जी यादी बाईंना झोपेतही म्हणता येते तीच ‘हश्’, आणि कठोर व्यंजनं म्हणजे ‘खर्’. नवीन शिकायचं नव्हतंच, जुन्याला पाणिनीनं दिलेलं नाव लावायचं होतं. ज्या शिक्षकाला हा पूल कुणी दाखवत नाही तो प्रत्याहार वेगळे पाठ करत बसतो आणि दोन महिन्यांत सोडून देतो.

त्यानंतर रोज दोन सूत्रं, जास्त नाहीत. लघुसिद्धान्तकौमुदीत, म्हणजे पाणिनीय व्याकरणाच्या प्राथमिक ग्रंथात, साडेबाराशेहून अधिक सूत्रं आहेत. सगळी करायची नसतात, नेमलेली प्रकरणं करायची. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची खिशात मावतील अशी कार्डं कापली. एका बाजूला रूप (‘रामो गच्छति’), मागं सूत्रांची साखळी, आकड्यांसकट. एसटीत लिहिता येत नाही, पण कार्ड उलटून पाहता येतं. रविवारी दहा रूपसिद्धी न पाहता लिहायच्या. पहिल्या तीन रविवारी दहापैकी दोन-तीन बरोबर आल्या; यात खचून लोक गाईड विकत घेतात आणि तयार उत्तरं पाठ करतात. तयार उत्तर पाठ केलेल्याला ‘रामः’ येतं, प्रश्न ‘हरिः’चा आला की हात थांबतो.

व्याकरणाला पहाटेच वेळ द्यायचा, रविवारी एकगठ्ठा नको. सात दिवसांनी उघडलेलं सूत्र पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. उलट काव्य आणि दर्शन रविवारच्या लांब बैठकीतच जमतं. आणि वर्गाची वही वेगळी, एम.ए.ची वेगळी. बोर्डाला तक्ताच हवा आहे. नववीच्या मुलांपुढं ‘ससजुषो रुः’ काढून त्यांचा गोंधळ करण्यात अर्थ नाही. एखाद्या हुशार मुलीनं ‘विसर्गाचा उ का होतो?’ असं विचारलंच तर गोष्ट वेगळी.

वेदाचा पेपर आणि कानावरचा पाठ

वेदाचा पेपर ४१ वर निघाला, आणि एक चूक सांगण्यासारखी आहे. पुरुषसूक्ताची पहिली ऋचा लिहायची होती. बाईंनी ‘स भूमिं सर्वत स्पृत्वा’ लिहिलं. ऋग्वेदात (१०.९०) आहे ‘स भूमिं विश्वतो वृत्वा’. चूक आळसातून आलेली नाही. मराठवाड्यात माध्यंदिन शाखेच्या यजुर्वेद्यांची संख्या मोठी, गावातल्या गुरुजींकडून पूजेत लहानपणापासून ऐकलेला पाठ वाजसनेयी संहितेचा, म्हणजे त्यांच्या शुक्ल यजुर्वेदाचा होता. तेच गुरुजी ‘ष’चा उच्चार ‘ख’सारखा करतात, तेही शाखेचं वैशिष्ट्य. कानावरचं आणि नेमलेलं यांत फरक असू शकतो हे लक्षात आलं की उपाय सोपा: नेमलेलं प्रत्येक सूक्त छापील संहितेवरून एकदा हातानं लिहायचं.

स्वरांसकट पाठ म्हणायला पारंपरिक पाठशाळेत बाईंना बसू देतीलच असं नाही, आणि त्यासाठी थांबूही नये. लेखी परीक्षेला स्वर ओळखता यायला हवेत, गाता येणं लागत नाही. ऋग्वेदात अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, वर उभी रेघ म्हणजे स्वरित, उदात्ताला खूण नाही. पदपाठही (ऋचेतले शब्द संधी सोडवून सुटे मांडणं) इथंच हाताशी येतो: ‘पुरोहितम्’ हे ‘पुरःऽहितम्’, ‘रत्नधातमम्’ हे ‘रत्नऽधातमम्’. अन्वय करून घेणाऱ्या शिक्षिकेला पदपाठ जड जात नाही. आणि ‘अग्निमीळे’तल्या ‘ळ’ला हिंदी पट्ट्यातला विद्यार्थी अडखळतो, मराठी माणूस नाही.

हिंदीचा फायदा-तोटा उलटा. इग्नूच्या या अभ्यासाचं साहित्य मराठीत मिळत नाही. वाचायला हिंदी अडत नाही, लिहिताना मराठीतले अर्थ घुसतात. ‘शिक्षा’ म्हणजे मराठीत दंड, हिंदीत शिक्षण, आणि वेदाच्या पेपरात सहा वेदांगांपैकी एक, उच्चारशास्त्र. ‘चेष्टा’ म्हणजे आपल्याकडे थट्टा. संस्कृतात आणि हिंदीत हालचाल, प्रयत्न. पहिल्या महिन्यात अशा शब्दांची एक यादी करून भिंतीवर लावली तर पुढं उत्तरपत्रिकेत हसं होत नाही.

आकड्यांवर आलेली स्थिती

पहिल्या वर्षाचा हिशेब: स्वाध्याय ६६ चे ३० टक्के म्हणजे १९.८, परीक्षा ४५ चे ७० टक्के म्हणजे ३१.५, एकूण ५१.३. सरासरी पासच्या ४० च्या वर, म्हणून व्याकरणाचा पेपर राहिला तरी घरी पेढे वाटले गेले. पण सेट-नेटला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात (आरक्षित प्रवर्गांना ५०), आणि बाई खुल्या प्रवर्गातल्या. दोन्ही वर्षांचं वजन सारखं धरलं तर दुसऱ्या वर्षी ५८.७ पाहिजेत. हे ऐकायला डोंगर वाटतं. फोड केली तर तसं नाही: स्वाध्याय दिवाळीआधीच, गठ्ठे घरी यायच्या आत, नीट लिहून सरासरी ७५ आणली तर २२.५ हातात. उरलेले ३६.२ परीक्षेतून, म्हणजे पेपरात सरासरी ५२. पहिल्या वर्षापेक्षा पेपरमागं सात गुण जास्त, आणि ते काव्यातून नाही, रूपसिद्धीतून यायचे आहेत.

दुसऱ्या वर्षाची फेरनोंदणी मुदतीत करावी लागते, पहिल्या वर्षाचा निकाल लागायची वाट पाहत बसायचं नसतं. बाईंनी ती केली आहे. पावतीची एक प्रत परवानगीच्या फाईलला लावली आहे, आवक क्रमांकासह.